कॅम्पर ट्रेलरची दुसरी बॅटरी : मेलबर्नमधल्या प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

ट्रेलर घरी आला. जुना, कापडी तंबूचा. पुढच्या दांड्यावर लोखंडी पेटी आणि पेटीत १०० अँपिअर-अवरची एजीएम (शिसे-आम्ल जातीची, सीलबंद) बॅटरी. आधीच्या मालकाचं म्हणणं, गाडी चालू असली की ही बॅटरी आपोआप चार्ज होते. जीलाँगहून निघताना मल्टिमीटर १२.१ व्होल्ट दाखवत होता. घरी पोचल्यावरही १२.१. एजीएमसाठी हा आकडा म्हणजे बॅटरी निम्म्याच्याही खाली, आणि तासाभराच्या प्रवासात तिच्यात मोजण्याइतकंही काही गेलेलं नाही.

ईस्टरला मरी नदीच्या काठी, बार्माच्या जंगलात राहायचं ठरलं आहे. तिथे विजेचा खांब नाही. मार्चमध्ये आई-बाबा साताऱ्याहून येतायत, तेही बरोबर असतील. बाबांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, रात्री सीपॅप मशीन लागतं. त्यामुळे हे काम फ्रिजमधलं दूध टिकवण्यापुरतं नाही. पहाटे तीनला बॅटरी बसली आणि मशीन बंद पडलं, हे मला चालणार नाही.

१५ फेब्रुवारी

आधी बॅटरीत दम किती उरलाय ते पाहिलं. घरच्या चार्जरवर ती पूर्ण भरू दिली, म्हणजे करंट एका अँपिअरच्या खाली उतरेपर्यंत थांबले. रात्रभर तशीच ठेवली. सकाळी एक हॅलोजन बल्ब लावला, साधारण ५ अँपिअरचा. १०० अँपिअर-अवरची नवी बॅटरी हा बल्ब वीस तास चालवते. बॅटरीवर छापलेली क्षमता बहुतेक वेळा वीस तासांच्याच हिशोबाने असते. ही साडेनऊ तासांत १०.५ व्होल्टला आली. म्हणजे ४७ अँपिअर-अवर.

कारण उघड आहे. शिसे-आम्ल जातीची बॅटरी अर्धवट चार्ज होऊन महिनोन् महिने पडून राहिली की प्लेटांवरच्या लेड सल्फेटचे स्फटिक कडक होत जातात आणि नंतर चार्जिंगलाही दाद देत नाहीत. घरी इन्व्हर्टर असलेल्या प्रत्येकाने हे पाहिलेलं असतं. लोडशेडिंगच्या दिवसांत रोज वापरात असलेली बॅटरी टिकते, आणि माडीवर विसरलेली दोन उन्हाळ्यांत जाते. या ट्रेलरमध्ये बॅटरी कधी पूर्ण भरलीच नसणार. ती का भरत नव्हती हे कळल्याशिवाय नवी विकत घ्यायची नाही, असं ठरवलं.

२२ फेब्रुवारी

रोजचा खर्च मोजला. ४५ लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४ अँपिअरच्या आसपास घेतो, पण सतत चालत नाही. उन्हाच्या दिवशी चोवीस तासांत ३२ अँपिअर-अवर लागले. दिवे, फोन, पाण्याचा पंप मिळून आणखी दहाएक. मशीनचा आकडा बाबा आल्यावरच कळेल.

१ मार्च

गाडीखाली आडवी होऊन तार शोधली. इंजिनाजवळच्या बॅटरीपासून मागच्या बंपरवरच्या राखाडी अँडरसन प्लगपर्यंत (जास्त करंटसाठीचा जोड) आणि तिथून ट्रेलरच्या पेटीपर्यंत मिळून आठ मीटर. वेष्टनावर लिहिलंय '६ एमएम'.

इथे ऑस्ट्रेलियात या आकड्याने भलेभले फसतात, म्हणून सविस्तर लिहिते. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणाऱ्या ऑटो केबलचं माप हे प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट तारेच्या जाडीचं असतं. आतल्या तांब्याचं नसतं. '६ एमएम' केबलमध्ये तांबं सुमारे ४.६ चौरस मिलिमीटर. आपल्याकडे घराच्या वायरिंगला '६ स्क्वेअर' म्हणून जी मागतात, ती तांब्याच्या क्षेत्रफळावर मोजलेली असते. दोन्हींत सहाच, पण वस्तू वेगळ्या.

आता हिशोब. ४.६ चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध मीटरला साधारण ३.७ मिलिओहम. करंट जातो आणि परत येतो, म्हणजे आठ अधिक आठ, सोळा मीटर. झाले ६० मिलिओहम. त्यातून ३० अँपिअर न्यायचे तर १.८ व्होल्ट वाटेतच गेले. गाडीकडे १३.८ असले तरी ट्रेलरमध्ये पोचणार १२. चार्ज होण्यासाठी एजीएमला १४.४ हवेत. हा हिशोब झाला तार चांगली आहे असं धरून. ती चांगली आहे का, हे बघायचं आहे.

२२ मार्च

बाबांनी आल्या आल्या पेटी उघडायला लावली. ते साताऱ्याच्या एसटी डेपोत इलेक्ट्रिशियन होते, बसच्या चोवीस व्होल्टच्या वायरिंगवर हयात गेली. मी ट्रेलरच्या बॅटरीला मीटर लावून आकडे सांगत होते. ते म्हणाले, "अगं, बॅटरीला मीटर लावून काय कळणार? तारेला लाव."

त्यांची पद्धत अशी. ट्रेलरच्या टोकाला दोन हेडलाइट बल्ब जोडायचे, म्हणजे तारेतून खरोखरीचा करंट वाहतो. आमच्या मीटरवर तो ९ अँपिअर आला. मग मल्टिमीटरचं एक टोक गाडीच्या बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं, लांब सुटी वायर जोडून, ट्रेलरमधल्या प्लसवर. दोन्ही प्लसवरच. मीटर जो आकडा दाखवील तो त्या तारेने खाल्लेला व्होल्टेज. वजाबाकी नाही, अंदाज नाही. तसंच मायनसचं मायनसशी.

प्लसला आला ०.२८. तार बारीक आहे पण धड आहे. मायनसला आला ०.६१. बाबा म्हणाले, "बघ, अर्थिंग." आणि एकेक जोड सोडून मीटरचं टोक पुढे सरकवत गेले. प्लगपर्यंत थोडासाच. प्लगपासून ट्रेलरच्या चॅसीवरच्या बोल्टपर्यंत काही नाही. बोल्टच्या डोक्यावरून चॅसीच्या लोखंडावर टोक टेकवलं आणि आकडा एकदम अर्ध्या व्होल्टने उडाला. जेमतेम एक मिलिमीटर अंतर, त्यात अर्धा व्होल्ट. बोल्ट रंगावरच आवळलेला होता, आणि रंगाखाली गंज.

बोल्ट काढला. त्याखालचा लग, म्हणजे तारेच्या टोकाचं धातूचं कडं, मी कापून उघडला. बाहेरून चकचकीत, आत तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या, नखाने खरवडल्या तर पूड हातात आली. तारेवर दाबून बसवताना (क्रिंप करताना) लग नीट दाबला गेला नव्हता आणि फटीतून पाणी शिरत राहिलं. ९ अँपिअरला एकंदर ०.८९ व्होल्ट जात असतील तर ३० अँपिअरला जवळजवळ तीन. या वाटेने बॅटरी भरण्याची शक्यताच नव्हती. महागडी बॅटरी बसवली असती तरी ती अशीच उपाशी राहून मेली असती.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी, श्रीखंड-पुरी. दुपारी केबल. '६ बी अँड एस' मापाची, १३.५ चौरस मिलिमीटर तांब्याची दुपदरी केबल घेतली. प्लस आणि मायनस दोन्हींना सारखीच तार. चॅसीच्या भरवशावर काही नाही. लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबले, वरून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. गाडीच्या बॅटरीपाशी ५० अँपिअरचा फ्यूज आणि पेटीत ४० चा. फ्यूज दोन्ही टोकांना हवेत, कारण बॅटऱ्या दोन्ही टोकांना आहेत. मधे कुठे तार कापली गेली तर करंट दोन्हीकडून धावतो.

तेच दोन बल्ब, तीच पद्धत : प्लसला ०.१०, मायनसला ०.११. बाबांनी मीटर माझ्या हातात दिला आणि हात धुवायला गेले.

५ एप्रिल

तार सुधारली तरी गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालणारा वीज जनित्र, हा वेगळा विषय आहे. आमची गाडी नव्या पिढीची डिझेल. डॅशबोर्डवर व्होल्टमीटर ठेवून नवऱ्याने हायवेवर फेरी मारली, मी आकडे लिहिले. सुरू केल्यावर १४.३. थोड्याच वेळात १२.८. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की १४.९. पुन्हा पाय ठेवला की १२.८. इंजिनावरचा भार हलका व्हावा, इंधन आणि धूर कमी व्हावा म्हणून गाडीचा संगणक अल्टरनेटर ढिला सोडतो आणि वेग कमी होताना फुकटची ऊर्जा पकडतो. गाडीच्या स्वतःच्या बॅटरीला ते पुरतं. मागच्या बॅटरीला १२.८ काहीच कामाचे नाहीत. पूर्ण भरलेली एजीएम नुसती ठेवली तरी तेवढे दाखवते.

पेटीत जुना रिले होता, व्होल्टेज बघून दोन बॅटऱ्या जोडणारा. साधारण १३.३ ला जोडतो, १२.८ च्या खाली तोडतो. जुन्या गाडीत, जिथे अल्टरनेटर दिवसभर १४ वर राहतो, तिथे हे साधन अतिशय भरवशाचं. या गाडीत ते प्रत्येक उतारावर टिक् करून जोडायचं आणि सपाटीवर सोडायचं. काढून टाकलं.

त्याच्या जागी २५ अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर. आत येणारं व्होल्टेज १२ असो की १५, बाहेर बॅटरीला हवं तेवढंच देतो. मात्र ही वाढ फुकट नाही. १४.४ व्होल्टला २५ अँपिअर म्हणजे ३६० वॉट. दहा टक्के चार्जरच्या उष्णतेत गेले असं धरलं तर गाडीकडून ४०० वॉट, म्हणजे १२ व्होल्टला ३३ अँपिअर ओढले जाणार. बारीक तारेत व्होल्टेज पडलं की चार्जर ते भरून काढायला आणखी करंट ओढतो, त्याने आणखी पडतं, आणि शेवटी तो बंद होतो. म्हणून डीसी-डीसी चार्जर लावला की तार कशीही चालते हे जे सांगितलं जातं, ते मला पटत नाही. चार्जर आहे म्हणूनच तार जाड हवी.

चार्जर बॉनेटखाली न लावता ट्रेलरच्या पेटीत, बॅटरीजवळ लावला, म्हणजे बाहेर पडणारं अचूक व्होल्टेज अर्ध्या मीटरमध्ये बॅटरीला मिळतं. त्याच्या पंख्यांसारख्या कडा उभ्या ठेवल्या आणि पेटीला दोन्ही बाजूंना जाळ्या केल्या. गरम झाला की तो स्वतःहून करंट कमी करतो. अशा अल्टरनेटरच्या गाडीत चार्जरला इग्निशनची वेगळी बारीक तार द्यावी लागते, नाहीतर व्होल्टेज उतरल्यावर इंजिन बंद झालं असं समजून तो थांबतो.

१२ एप्रिल

जुनी एजीएम पालिकेच्या कचरा केंद्रात जमा केली, तिथे शिशाच्या बॅटऱ्या पुनर्वापरासाठी घेतात. नवी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १०० अँपिअर-अवर. वजनाला १२ किलो. जुनी ३० ची होती. दांड्यावरचं तेवढं ओझं कमी झालं.

लिथियम घेण्याचं माझं खरं कारण वजन नव्हे, वेळ. शिशाची बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत पटकन भरते. पुढचे वीस टक्के मात्र मापात तांदूळ भरताना शेवटची मूठ हलवून हलवून बसवावी लागते तसे. व्होल्टेज पूर्ण असतं आणि करंट हळूहळू उतरत जातो, चार-चार, सहा-सहा तास. एवढा वेळ कोणी गाडी चालवत नाही. लिथियम जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण २५ अँपिअर घेते. निम्मी रिकामी असेल तर दोन तासांत भरली. आणि ती अर्धवट भरलेली राहिली तर काही बिघडत नाही, उलट तिला तेच मानवतं.

एक गोष्ट शिकून घ्यावी लागते : हिच्या व्होल्टेजवरून काही कळत नाही. सत्तर टक्क्यांना १३.२, तीस टक्क्यांना १३.०. त्यामुळे मायनसवर शंट बसवला. हा एक ठरावीक, अगदी कमी रोधाचा धातूचा तुकडा. त्यावर पडणारे मिलिव्होल्ट मोजून किती अँपिअर आत गेले, किती बाहेर आले याची बेरीज-वजाबाकी तो ठेवतो. अट एकच, बॅटरीच्या मायनस खुंटीला शंटशिवाय दुसरी एकही तार नको. सोलरची मायनस थेट खुंटीला लावली तर सूर्याने दिलेलं हिशोबातच येत नाही. बाबांनी घटक्यात सगळ्या काळ्या तारा बोटाने मागोवा घेत तपासल्या.

बॅटरी बाहेरच्या पेटीतच ठेवली. एएस/एनझेडएस ३००१.२:२०२२ या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मानकाप्रमाणे लिथियम बॅटरी झोपण्याच्या जागेपासून बंदिस्त, वेगळी हवी. २४० व्होल्टच्या चार्जरची जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनने केली. इथे ती स्वतः करणं बेकायदेशीर आहे, आणि ते योग्यच आहे.

१७ एप्रिल

काल रात्री सीपॅप घरीच ट्रेलरच्या बॅटरीवर. इन्व्हर्टर नाही, मशीनचा स्वतःचा डीसी ॲडॉप्टर. आधीच्या रात्री पाण्याचा हीटर आणि गरम नळी चालू ठेवून ३४ अँपिअर-अवर लागले होते. दोन्ही बंद ठेवून ९. बाबांना विचारलं, घसा कोरडा पडला का? "साताऱ्यात कुठे गरम वाफ होती?" म्हणाले. तरी मी नाकाला लावायचं जेल बरोबर घेतलंय.

२१ एप्रिल, ईस्टर सोमवार

बार्माहून परत. बार्मा-मिलेवा हे जगातलं सर्वांत मोठं रिव्हर रेड गमचं (निलगिरीच्या एका जातीचं) जंगल. ही झाडं वारा नसतानाही जाडजूड फांद्या टाकतात, त्यामुळे तंबू त्यांच्या टप्प्याबाहेर लावावा लागतो. सावली मात्र लांबपर्यंत येते आणि सोलरचं गणित तिथेच बिघडतं. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली आली की तेवढ्यापुरतं कमी होत नाही, ओळीने जोडलेल्या सगळ्या सेलचा करंट अडतो. ९ अँपिअरवरून २ वर आलेला मी पाहिला.

शनिवारी सकाळी शंट ६९ टक्के दाखवत होता. पहिल्या दिवशी २०० वॉटच्या घडीच्या पॅनेलने झाडांच्या सावलीतून जेमतेम २४ अँपिअर-अवर दिले. दुसऱ्या दिवशी पॅनेल नदीकाठच्या उघड्यावर नेलं, तोंड उत्तरेला. (आपल्याकडे दक्षिणेला करतात, इथे सूर्य उत्तरेकडून जातो.) लांब केबल लागली. पॅनेलच्या पाठीवर चिकटून आलेला रेग्युलेटर मी निघण्याआधीच काढून टाकला होता, कारण त्याच्यानंतर दहा मीटर तार आली तर नेमकं चार्जिंगचं व्होल्टेज वाटेत पडतं. आता पॅनेलचे कच्चे १८-१९ व्होल्ट पेटीपर्यंत येतात आणि तिथला चार्जर ते जुळवून घेतो. त्या दिवशी ४० मिळाले.

बाबांचं मशीन एकदाही थांबलं नाही. मी पहिल्या रात्री उठून फोनवर शंटचा आकडा पाहत होते, नंतर गरज वाटली नाही.

आज निघताना ४३ टक्के. नाथालिया, शेपरटन, नागांबी करत वॉलनच्या आसपास बॅटरी पूर्ण. मधल्या थांब्यावर बाबांनी अँडरसन प्लगला हात लावून पाहिला, केबलला लावून पाहिला. दोन्ही गार.

९ जून

लाँग वीकेंडला ब्राइटच्या पुढे, हॅरिएटव्हिलला. आई-बाबा मे महिन्यातच परतले. दरी अरुंद, ऊन डोंगरावरून उशिरा उतरतं आणि दुपारी लवकर जातं. जूनमध्ये पॅनेलकडून फार अपेक्षा ठेवू नये. जाताना गाडीने भरलेली बॅटरीच तिन्ही दिवस पुरवली. थंडीत फ्रिज जवळजवळ चालतच नाही, तेवढी बचत.

मला पाहायचं होतं ते तापमान. पहाटे बाहेर उणे २. बॅटरीच्या आतल्या सेलचं, बीएमएसप्रमाणे (बॅटरीतलं राखण करणारं सर्किट), १ अंश. शून्याखाली लिथियम बॅटरी वापरता येते पण चार्ज करायची नसते. थंडीत लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरायला वेळ लावतं आणि पृष्ठभागावर धातू होऊन साचतं. झालेलं नुकसान परत भरून येत नाही. बीएमएस अशा वेळी चार्जिंग तोडतो, आणि तोडायलाच हवं. आज आम्ही थोडक्यात वाचलो. आणखी दोन अंश उतरले असते तर सकाळी निघाल्यावर चार्जर चालू असूनही करंट शून्य दिसला असता.

फोनवर बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "सेलचा आकडा किती होता?" मग म्हणाले, पेटीला आतून अस्तर कर.

१४ जून

बॅटरीभोवती २५ मिलिमीटर फोम लावला, तळाला आधी. थंडी लोखंडी तळातून येते. चार्जरच्या बाजूला फोम नाही, जाळ्याही मोकळ्या. हीटरची गादी सध्या घेत नाही. तिच्या रात्रभराच्या खर्चापेक्षा सकाळी सेल ३ अंशांवर येईपर्यंत सोलरचा प्लग काढून ठेवणं आणि गाडीने निघायचं असेल तर चहा होईपर्यंत थांबणं मला परवडतं.

उरलेली कामं : ट्रेलरकडच्या अँडरसन प्लगला धुळीचं झाकण, ४० आणि ५० चे दोन-दोन जादा फ्यूज पेटीच्या झाकणात. आणि सप्टेंबरमध्ये, पुढच्या प्रवासाआधी, पुन्हा ते दोन बल्ब लावून प्लस आणि मायनस दोन्ही तारा मोजायच्या. ०.१० आणि ०.११ हे आकडे मी मार्करने पेटीच्या आत लिहून ठेवले आहेत.